पावसाळ्याची बेगमी : नोकरीच्या अनिश्चित काळात ख्रिस्ती कुटुंबाची तयारी



आपल्या वसईत उन्हाळा सरत आला की घरोघरी एक काम आपोआप सुरू होते. किनाऱ्यावर बोंबील वाळत पडतात, मसाले कुटले जातात, लाकूडफाटा आडोशाला रचला जातो, जुन्या घरांची कौले शाकारली जातात. जूनपासून समुद्र खवळणार, होड्या किनाऱ्याला लागणार, हे सर्वांना ठाऊक असते. या तयारीला आपण बेगमी म्हणतो. बेगमी करणाऱ्या आजीला 'तुझा देवावर विश्वास नाही का?' असे कधी कुणी विचारले नाही. दिवसभर बेगमी करून संध्याकाळी तीच आजी साऱ्या घराला रोझरीला बसवीत असे.

मात्र नोकरीच्या बाबतीत आपण अशी बेगमी करत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार येतो, दहा तारखेपर्यंत हप्ते जातात, वीस तारखेला खाते रिकामे होते आणि पुन्हा पहिल्या तारखेची वाट पाहणे सुरू होते. पगार एखाद्या महिन्यात आलाच नाही तर? हा प्रश्न अनेक घरांत मनातल्या मनात विचारला जातो, पण जेवणाच्या टेबलावर कुणी काढत नाही. काहींना तो अशुभ वाटतो. काहींना वाटते, असा विचार करणे म्हणजे परमेश्वरावर अविश्वास दाखवणे. म्हणून या रविवारी अभ्यासासाठी आम्ही हाच विषय घेतला आहे. आधी पवित्र शास्त्र काय शिकवते ते पाहू आणि मग वहीपेन्सिल घेऊन हिशेबाला बसू.

हे संकट नवे नाही

मुंबईच्या आधाराने जगणाऱ्या आपल्या पट्ट्याने नोकऱ्या जाताना अनेकदा पाहिले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांतील पुष्कळांना पुन्हा कधी गिरणीचे दार उघडले नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले आणि तेथील भारतीयांचे संसार एका रात्रीत विस्कटले. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी मायदेशी आणावे लागले. वर्षानुवर्षांची कमाई तेथेच सोडून कित्येक जण हातातल्या एका बॅगेनिशी उतरले. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले आणि आधीच पगार थकलेल्या हजारो कर्मचाऱ्यांची नोकरी थांबली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हॉटेले, जहाजे, दुकाने, कारखाने सारे एकदम बंद झाले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेससारख्या मोठ्या कंपनीनेही सुमारे १२ हजार नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले. 'संगणकाची नोकरी म्हणजे पक्की नोकरी' असे मानणाऱ्या आईवडिलांना त्या बातमीने धक्का बसला.

या सर्व घटनांत एक गोष्ट सारखी आहे. नोकरी गेलेल्यांपैकी बहुतेकांनी कामात कसूर केली नव्हती. युद्ध, महामारी, मालकाचे कर्ज, नवे यंत्र अशी कारणे त्यांच्या हाताबाहेरची होती. म्हणून नोकरी जाणे हे पाप नाही, परमेश्वराची शिक्षा नाही आणि लाजेची गोष्टही नाही. हे प्रथम मनात पक्के करून मगच पुढे जाऊ या.

पवित्र शास्त्राची शिकवण : मान्ना, कोठारे आणि मूर्ख श्रीमंत

या विषयावर पवित्र शास्त्रात वरवर परस्परविरोधी वाटणारे उतारे आहेत. ते एकत्र वाचणे आवश्यक आहे.

पहिला उतारा मान्नाचा आहे (निर्गम, अध्याय १६). रानात इस्राएली लोकांना परमेश्वराने दररोज अन्न पुरवले आणि ते दिवसापुरतेच गोळा करायला सांगितले. काहींनी भीतीपोटी दुसऱ्या दिवसासाठी साठवले, तर त्यात किडे पडले. यावरून काही जण म्हणतात, 'पाहा, साठवणे देवाला आवडत नाही!' परंतु तोच अध्याय पुढे वाचा. सहाव्या दिवशी परमेश्वरानेच त्यांना दुप्पट गोळा करायला लावले, कारण सातवा दिवस विश्रांतीचा होता आणि त्या दिवशी मान्ना पडणार नव्हता. त्या दिवशी साठवलेले मात्र नासले नाही. कृती तीच, पण एकदा ती अविश्वासाने झाली आणि एकदा आज्ञापालनाने. ज्या दिवशी अन्न मिळणार नाही त्या दिवसाची तरतूद परमेश्वराने स्वतःच करायला शिकवली.

दुसरा उतारा योसेफाचा (उत्पत्ती, अध्याय ४१). फारो राजाच्या स्वप्नाचा अर्थ योसेफाने सांगितला : सात वर्षे सुकाळ आणि नंतर सात वर्षे दुष्काळ. योसेफ तेवढ्यावर थांबला नाही. सुकाळातील पिकाचा पाचवा हिस्सा बाजूला काढावा, नगरोनगरी कोठारे भरावीत, त्यावर जबाबदार माणसे नेमावीत, अशी पूर्ण योजना त्याने राजापुढे ठेवली. परमेश्वराने योसेफाला भविष्य दाखवले ते त्याने घाबरून बसावे म्हणून नव्हे. दुष्काळ आला तेव्हा योसेफाने कोठारांची दारे उघडली. मिसर देश वाचला आणि ज्या भावांनी योसेफाला विकले होते त्यांची पोटेही तेथील धान्यानेच भरली.

तिसरा उतारा प्रभू येशूच्या दाखल्यातील मूर्ख श्रीमंताचा (लूक १२, १६ ते २१). त्यालाही भरघोस पीक आले, त्यानेही मोठी कोठारे बांधायचे ठरवले. मग योसेफ शहाणा आणि हा मूर्ख का? दाखला लक्षपूर्वक वाचला तर दिसते की हा मनुष्य केवळ स्वतःशीच बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव! त्याच्या बोलण्यात बायकामुले नाहीत, शेजारी नाही, मजूर नाही आणि परमेश्वर तर नाहीच. आता काहीही होणार नाही, अशी त्याला खात्री वाटू लागली, आणि त्याच रात्री त्याला प्राणाचा हिशेब द्यावा लागला.

तेव्हा प्रश्न कोठार असावे की नसावे हा नाही. ते कशासाठी भरले आणि गरजेच्या वेळी कोणासाठी उघडले, हा आहे. प्रभू येशू आणि त्याचे शिष्य यांचीही पैशांची एक सामाईक थैली होती. तिच्यातून सणासाठी लागणाऱ्या वस्तू घेतल्या जात आणि गरिबांना दान दिले जाई, असे शिष्यांच्या बोलण्यावरून दिसते (योहान १३, २९). रानातील फुलांकडे पाहा असे शिकवणाऱ्या प्रभूला ती थैली विश्वासाच्या आड येणारी वाटली नाही.

सुज्ञता हा सद्‌गुण आहे

ख्रिस्तसभा चार मुख्य नैतिक सद्‌गुण सांगते : सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात सुज्ञतेची अंगे सांगताना दूरदृष्टीला मानाचे स्थान दिले आहे. दूरदृष्टीसाठी त्यांनी वापरलेला लॅटिन शब्द आहे 'प्रोव्हिदेन्सिया', म्हणजे पुढचे पाहणे. परमेश्वर जगाची जी काळजी वाहतो तिलाही ख्रिस्तसभा हाच शब्द वापरते. आईबाप मुलांच्या उद्याचा विचार करतात तेव्हा ते परमेश्वराच्या कामात आपल्या परीने सहभागी होतात, असे यावरून म्हणता येईल.

परंतु मग उद्याची चिंता करू नका, या प्रभूच्या शिकवणीचे काय? (मत्तय ६, ३४) संत थॉमस यांनी या प्रश्नाचाही विचार केला आहे. ते म्हणतात, प्रत्येक काळाची आपली एक काळजी असते. द्राक्षांची तोडणी शरद ऋतूत होते. तिची काळजी उन्हाळ्यातच करत बसणे व्यर्थ. मुंगी मात्र योग्य वेळी साठवते, म्हणून ती आपल्यापुढे उदाहरण आहे. थोडक्यात, रात्री दोन वाजता अंथरुणात पडून 'नोकरी गेली तर काय?' असा विचार करत राहणे ही चिंता. शनिवारी दुपारी नवराबायकोने वही घेऊन तासभर बसणे ही सुज्ञता. चिंतेने एक रुपयाही वाचत नाही, वही घेऊन बसल्याने वाचतो. ज्या घरात असा हिशेब होतो, त्या घरातील माणसांना झोपही बरी लागते.

आता वही घ्या

१. खरे आकडे लिहा. पहिले पाऊल पैसे वाचवण्याचे नाही, खरे बोलण्याचे आहे. अनेक घरांत पतीचे कर्ज पत्नीला माहीत नसते, पत्नीची भिशी पतीला माहीत नसते आणि मुलांना तर काहीच माहीत नसते. दोघांनी मिळून, ज्या खर्चांशिवाय घर चालणारच नाही, तेवढेच लिहून काढावेत. समजा, एका घरात महिन्याला ४०,००० रुपये येतात. किराणा व भाजीपाला ९,०००, घराचा हप्ता १०,०००, मुलांची फी ३,०००, वीज, गॅस व फोन २,५००, रेल्वेचा पास व प्रवास १,५००, औषधे व विमा २,०००. बेरीज होते २८,०००. हा त्या घराचा आवश्यक खर्च.

२. सहा महिन्यांचे कोठार ठरवा. नवी नोकरी मिळायला वेळ लागतो. म्हणून किमान तीन आणि शक्य झाल्यास सहा महिन्यांचा आवश्यक खर्च बाजूला असावा. आपल्या उदाहरणात सहा महिन्यांचे १,६८,००० रुपये होतात. आकडा पाहून घाबरू नका. योसेफाप्रमाणे पाचवा हिस्सा, म्हणजे महिन्याला ८,००० बाजूला काढले तर ही रक्कम २१ महिन्यांत जमते. दहावा हिस्साच शक्य असेल तर ४२ महिने लागतील. तेही जमत नसेल, तर एका महिन्याचा खर्च एवढेच पहिले ध्येय ठेवा. पगार झाला की उरलेले शिल्लक टाकायचे, असे म्हटले तर काही उरत नाही. पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेवीत रक्कम परस्पर जाईल अशी सूचना बँकेला द्यावी. बोनस, थकबाकी, वाडीतील फुलांचे किंवा भाजीचे जादा पैसे यांचाही काही भाग तेथेच जावा.

३. पैसा सुरक्षित आणि हाताशी ठेवा. हा पैसा वाढवण्यासाठी नाही, वेळेला सापडण्यासाठी आहे. तो शेअर बाजारात नको, कारण मंदीत नोकरी आणि शेअरचा भाव दोन्ही एकाच वेळी पडू शकतात. जमिनीत नको, कारण जमीन महिन्याभरात विकली जात नाही, आणि घाईने विकली तर मातीमोलाने जाते. वर्षात दुप्पट देतो म्हणणाऱ्यांकडे तर मुळीच नको. बचत खाते आणि लहान लहान मुदतठेवी पुरेशा आहेत. एक मोठी ठेव ठेवण्याऐवजी चार लहान ठेवी ठेवल्या, तर गरज पडल्यास एकच मोडावी लागते.

बँकही पारखून घ्यावी. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा खातेदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढता येत होते. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराच्या ठेवींना व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे, पण पतसंस्थांना नाही. हा फरक लक्षात ठेवून रकमा विभागून ठेवाव्यात. सहकाराचे नाव घेऊन भीती घालण्याचा आमचा हेतू नाही. सावकाराच्या पाशातून सुटण्यासाठी आपल्या पूर्वजांनीच १९१८ साली वसईत पतपेढी उभी केली, आणि आजची बसीन कॅथलिक सहकारी बँक तिच्यातूनच वाढली आहे. त्यांच्याजवळ पैसा थोडा होता, पण एकमेकांना धरून राहण्याचे शहाणपण मोठे होते.

४. कर्ज उतरवा, जामीन जपून राहा. नोकरी असताना हप्ता जड वाटत नाही, पण नोकरी गेली की पहिला फास तोच असतो. क्रेडिट कार्डाची बाकी प्रथम फेडा. अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक. लग्न आणि पहिल्या कम्युनियनच्या पार्टीसाठी घेतलेले कर्ज मंडप उतरल्यावरही कित्येक वर्षे घरात मुक्काम करते. जामीन राहण्याविषयी तर पवित्र शास्त्रच सावध करते. नीतिसूत्रे पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुंगीचे उदाहरण येण्यापूर्वी पहिली पाच वचने दुसऱ्याला जामीन राहण्याच्या धोक्यावर आहेत. नात्यासाठी सही करण्यापूर्वी, हे कर्ज आपल्याला स्वतःला फेडावे लागले तर झेपेल का, एवढे विचारून पाहा.

५. आजारपणाची सोय वेगळी करा. कंपनीचा आरोग्यविमा सामान्यतः नोकरीबरोबर संपतो. नोकरी नाही आणि घरात शस्त्रक्रिया, अशी वेळ आली तर सहा महिन्यांची बेगमी सहा दिवसांत संपेल. म्हणून कुटुंबाची स्वतंत्र पॉलिसी तब्येत चांगली असतानाच घ्यावी. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते, तेव्हा उशीर करण्यात नुकसान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विमा पॉलिसींवरील वस्तू व सेवा कर शून्य केला आहे.

६. हक्काचे पैसे ओळखा. आपले कोणते पैसे कुठे आहेत, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. एका फाईलमध्ये नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक आणि विम्याची कागदपत्रे ठेवा. वारसाची नोंद तपासा. लग्नाआधी केलेली नोंद तशीच राहिलेली असू शकते.

ग्रॅच्युइटीचा हिशेब सोपा आहे. कायम नोकरीत पाच वर्षे पूर्ण झाली की सेवेच्या प्रत्येक वर्षासाठी १५ दिवसांचे वेतन मिळते, आणि त्यासाठी महिना २६ दिवसांचा धरतात. हिशेबाला धरायचे शेवटचे वेतन २६,००० असेल आणि १२ वर्षे सेवा झाली असेल, तर १५,००० गुणिले १२, म्हणजे १,८०,००० रुपये होतात. राजीनामा दिला तरी हा हक्क जात नाही.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. एक वर्ष सलग काम केलेल्या कामगाराची कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढे वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे, हा जुन्या कायद्यातील नियम या संहितेतही आहे. व्यवस्थापकाच्या हुद्द्यावर असलेल्यांना तो लागू होत नाही. त्यांनी आपल्या नेमणूकपत्रातील नोटिशीची अट वाचावी. 'आपणहून राजीनामा द्या' असे सांगून कागद पुढे केला, तर तेथल्या तेथे सही करू नका. कपातीची भरपाई राजीनाम्यावर मिळत नाही. एक दिवसाची मुदत मागा आणि युनियनला किंवा वकिलाला विचारा.

भविष्य निर्वाह निधी हे शेवटचे कोठार समजावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये निधीच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ठरवले की नोकरी गेल्यास ७५ टक्के रक्कम लगेच काढता यावी, पण पूर्ण रक्कम काढण्यासाठीची मुदत दोन महिन्यांवरून बारा महिने करावी. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम विचारून घ्या, आणि मिळतात म्हणून सगळे काढू नका. म्हातारपणही येणार आहेच. कर्मचारी राज्य विमा योजनेखालील कामगारांसाठी २०१८ मध्ये अटल विमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. तिच्यात बेकारीच्या काळात, आयुष्यात एकदा, ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या निम्मी रक्कम देण्याची तरतूद केलेली आहे. ही योजना मुदतवाढीवर चालत आली आहे, म्हणून ती चालू आहे का हे विमा कार्यालयात विचारावे.

७. हाताला दुसरे काम शिकवा. पैशाचे कोठार संपते, हातातले कसब संपत नाही. संगणकाचा नवा अभ्यासक्रम, वीजदुरुस्ती, शिवण, बेकरी, शिकवण्या, वाडीतील भाजी व फुलशेती यांपैकी एक तरी गोष्ट नोकरी चालू असतानाच शिकून ठेवा. वाडी विकून फ्लॅट घेण्याची घाई करणाऱ्या तरुणांनी एवढे ध्यानात घ्यावे की पगार थांबला तरी वाडी काहीतरी देत राहते. फ्लॅट मात्र दरमहा देखभालीचे पैसे मागतो.

नोकरी गेलीच तर

मत्तयच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे. संध्याकाळी पाच वाजताही बाजारात उभ्या असलेल्या मजुरांना मालक विचारतो की दिवसभर तुम्ही रिकामे का? आम्हाला कुणीच कामावर घेतले नाही, असे ते सांगतात. मालक त्यांना आळशी म्हणत नाही. त्यांचे उत्तर खरे मानतो, त्यांना काम देतो आणि संध्याकाळी पूर्ण दिवसाची मजुरी देतो, कारण त्यांच्या घरची चूलही पूर्ण दिवसाची असते. कामावाचून उभ्या राहिलेल्या माणसाकडे प्रभू अशा नजरेने पाहतो.

म्हणून नोकरी गेली तर त्याच दिवशी घरी सांगा. रोज सकाळी डबा घेऊन निघायचे, लोकलने चर्चगेटला जायचे आणि दिवस कुठेतरी काढून संध्याकाळी परत यायचे, असे महिनोन्महिने करणारी माणसे असतात. तो एकटेपणा पैशाच्या अडचणीहून भयंकर असतो. दारू, चिडचिड आणि मारहाण अशाच एकटेपणातून घरात शिरतात. बायकोने आणि मुलांनीही त्या दिवशी 'आता काय होणार?' असे विचारण्याआधी 'आम्ही आहोत' असे म्हणावे. मन फारच खचले, जीव नकोसा वाटू लागला, तर शासनाच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करा, किंवा आमच्या दारावर या. मध्यरात्री आलात तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी वही पुन्हा काढा आणि आवश्यक खर्चाच्या यादीवर या. हप्ता चुकण्याआधीच बँकेत जाऊन खरी परिस्थिती सांगा. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की कर्ज बुडीत वर्गात जाते आणि मग बोलणी कठीण होतात. मुलांच्या शाळेतही लवकर जाऊन भेटा. आणि रविवारच्या मिस्साला यायचे थांबवू नका. लोक विचारतील म्हणून पुष्कळ जण नेमके तेव्हाच चर्चला येणे टाळतात.

समाज म्हणून आपले कर्तव्य

ज्या घरी महिन्याचे शेवटचे दिवस उसनवारीवर जातात, त्या घराला 'सहा महिन्यांचे बाजूला टाका' हे ऐकताना काय वाटेल, याची आम्हाला जाणीव आहे. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक काढले. कामगाराचे वेतन एवढे असावे की त्याचे कुटुंब नीट जगेल आणि काटकसरीने त्याला थोडी शिल्लकही टाकता येईल, अशी शिकवण त्यांनी त्यात दिली. म्हणजे बेगमी करता येणे हा गरिबाचाही हक्क आहे, आणि तो पुरा करण्याची जबाबदारी मालकावर येते. मे २०२५ मध्ये निवड झालेले पोप लिओ चौदावे यांनी हेच नाव का घेतले हे सांगताना त्या परिपत्रकाचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमांपुढे उभ्या राहिलेल्या प्रश्नांचा उल्लेख केला. आपल्यापैकी ज्यांच्या दुकानात, कारखान्यात किंवा घरी माणसे कामाला आहेत, त्यांनी स्वतःला विचारावे : आपण देतो त्या पगारातून त्या माणसाला महिन्याला शंभर रुपये तरी मागे टाकता येतात का?

आणि ज्यांची कोठारे भरलेली आहेत त्यांनी ती उघडावीत. प्रत्येक लहान ख्रिस्ती समूहाने आपल्या परिसरात कोणाची नोकरी गेली आहे हे गाजावाजा न करता जाणून घ्यावे. कोणी आपल्या कार्यालयातील रिकाम्या जागेची माहिती द्यावी, कोणी अर्ज लिहून द्यावा, कोणी त्या घरच्या मुलांची शिकवणी घ्यावी, कोणी किराण्याची पिशवी दाराशी ठेवून निघून जावे. लग्नात आणि सणात थोडे कमी खर्चणारे घर शेजाऱ्यावरचे दडपणही कमी करते, हीदेखील सेवाच आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घराचा महिन्याचा आवश्यक खर्च किती? तो घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत आहे का?

२. आज पगार थांबला, तर आपण किती महिने कर्ज न काढता राहू शकू?

३. आपल्या बेगमीत शेजाऱ्यासाठी काही वाटा आहे का?

४. आपल्या वाडीत किंवा इमारतीत सध्या काम नसलेला कोणी आहे का? त्याच्याशी आपण शेवटचे कधी बोललो?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या हातांना काम दे आणि आमच्या कामाला न्याय्य मोल मिळू दे. सुकाळात आम्हाला शहाणपण दे, अडचणीत धीर दे. ज्यांचे काम गेले आहे त्यांना एकटे वाटू देऊ नकोस, आणि त्यांच्याजवळ जाण्यासाठी आमची पावले उचल. नाझरेथच्या घरात कष्टाची भाकरी मिळवणाऱ्या संत योसेफा, आमच्या घरांसाठी विनंती कर. आमेन.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू